पागोटे, तुरा आणि रेषा

आपल्या साहित्यविचाराला पूर्वाचार्यांनी ‘अलंकारशास्त्र’ असे नाव दिले, ही गोष्ट आपण फार सहजपणे विसरतो. उपमा-रूपकांचा विचार करावयास बसलेल्या पंडितांस दृष्टान्तासाठी प्रथम आठवले ते अंगावरील हार आणि कुंडले. काव्याची शोभा समजावून द्यावयाची तर दागिन्याचे उदाहरण घ्यावयाचे, असा शेकडो वर्षांचा प्रघात पडला. परंतु जो दागिना दृष्टान्त म्हणून शास्त्रात एवढ्या मानाने बसला, तोच चित्राचा विषय होऊन पुढे आला म्हणजे आमचे टीकाकार नाक मुरडतात. टोपी, पंखा, छत्री, हातमोजे, बटवा, केसांतला तुरा ही पोषाखाची आनुषंगिक भूषणे. त्यांची चित्रे म्हणजे शिंप्याच्या दुकानाची जाहिरात. तीत रसिकाने लक्ष घालावे असे काय आहे, असा एकंदर ग्रह. प्रस्तुत लेखकाचाही तो परवापरवापर्यंत होता.

तो सुटण्यास एक चित्रसंग्रह निमित्त झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत पॅरिस येथे निघालेल्या वेषचित्रांची पुनर्मुद्रणे त्यात होती, आणि एका स्नेह्यांनी तो चार दिवसांच्या बोलीने मला पाहावयास दिला होता. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तिघे तो चाळीत बसलो. एका पानावर पागोटे घातलेली स्त्री होती आणि पागोट्यावर पांढरा शुभ्र तुरा. माझी पत्नी म्हणाली, “किती हलक्या हाताने काढलंय हो! दोन रेघांत सगळी मान उभी केली.” माझी कन्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकते. ती काही वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “बाबा, हा तुरा बगळ्याचा आहे. तो फक्त विणीच्या दिवसांत येतो. म्हणजे या एका तुऱ्यापायी घरटंच्या घरटं मेलेलं असणार.”

दोघींचेही म्हणणे खरे होते. परंतु एकाच चित्राविषयी ही दोन सत्ये एकत्र नांदावयाची कशी, याचे उत्तर त्या रात्री मला देता आले नाही. पुढील विवेचन म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय.

प्रथम या चित्रांनी नवीन ते काय केले, हे पाहू. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अथवा इंग्रजी वेषचित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांस त्यांचा ठरीव साचा ठाऊक असेल. दिवाणखान्यात किंवा बागेत दोन स्त्रिया उभ्या असावयाच्या. एकीची पाठ दिसावी, दुसरीचा दर्शनी भाग. झालरीची चुणी न् चुणी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. हातात पंखा असे, पण तो धरलेला नसे, तर ठेवलेला असे. ही चित्रे म्हणजे मापाचा कागद होता आणि शिंप्याला त्यांचा उपयोगही चांगला होई. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत चार्ल्स डेना गिब्सन याने केवळ काळ्या शाईच्या टाकाने एक नवी तरुणी उभी केली. उंच बांधलेले केस, साधा सदरा आणि ताठ मान असलेली ही मुलगी वस्त्राचा खुंटा राहिली नाही. तिला स्वभाव आला. परंतु गिब्सनचे लक्ष स्वभावावर असल्यामुळे वस्तू त्याच्या चित्रात दुय्यमच राहिली.

१९०८ साली पॅरिसमध्ये पॉल प्वारे या वेषकाराने पॉल इरिब नावाच्या तरुण चित्रकाराकडून आपल्या पोषाखांचा एक चित्रसंग्रह काढवून घेतला. चित्रे अवघी दहा आणि प्रती अडीचशे. प्वारेने स्त्रियांच्या कमरेभोवतीचा आवळ कंचुक काढून टाकला होता आणि छातीखालून सरळ पायापर्यंत उतरणारा झगा रूढ केला होता. असा सरळ झगा रेषेलाच मानवतो. इरिबने मागचे सामानसुमान नुसत्या काळ्या रेघांनी सुचविले आणि रंग ठेवला तो मुख्यतः स्त्रियांच्या अंगावर. छाया नाही, खोली नाही. सपाट रंगाचा एक तुकडा आणि त्याच्या कडेने धावणारी निःशंक रेषा. जपानी काष्ठमुद्रांपासून युरोपीय चित्रकार जे शिकले होते, ते येथे वेषचित्रात उतरले.

तीन वर्षांनी, म्हणजे १९११ साली, प्वारेचा दुसरा संग्रह निघाला. त्याचा चित्रकार जॉर्ज लपाप. या वेळी प्रती हजारापर्यंत गेल्या. संग्रहाच्या नावात पोषाखांचा उल्लेखच नाही. ‘पॉल प्वारेच्या वस्तू, जॉर्ज लपापला दिसल्या तशा’ अशा अर्थाचे ते नाव आहे. त्यातील ‘वस्तू’ आणि ‘दिसल्या तशा’ हे दोन्ही शब्द ध्यानात धरण्याजोगे आहेत. वस्तूला प्रतिष्ठा मिळाली ती दिसण्यापुरती. या संग्रहातील एका पानावर पोषाख जवळजवळ नाहीच; पागोटी घातलेली स्त्रियांची केवळ मस्तके आहेत. आनुषंगिक भूषणाने पुरे पान व्यापले, हे या कलेच्या इतिहासात लहान पाऊल नव्हे.

ही पागोटी आली कोठून? त्या दिवसांत पॅरिसमध्ये रशियन नृत्यमंडळीचे खेळ गाजत होते. १९१० साली त्यांनी ‘शेहेराझाद’ दाखविले आणि बाक्स्टच्या नेपथ्याने पौर्वात्य रंगांचे वेड सर्वत्र पसरले. पागोट्याचे श्रेय पुष्कळ जण त्यालाच देतात. प्वारेला मात्र हे मान्य नव्हते. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तो सांगतो की, लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात त्याने हिंदुस्थानी पागोट्यांचा संग्रह पाहिला, तो पाहून हरखून गेला, आणि त्यांच्या घड्या व बांधणी हुबेहूब उतरून घेण्यासाठी आपल्या कारखान्यातील एका कुशल बाईस त्याने पॅरिसहून बोलावून घेतले. काही आठवड्यांतच पॅरिसच्या स्त्रिया पागोटी घालून मिरवू लागल्या.

मराठी वाचकास येथे थोडे थबकल्यावाचून राहवत नाही. पागोटे म्हणजे काय हे आपणांस कोणी सांगावयास नको. पुणेरी पगडी निराळी, शिंदेशाही पागोटे निराळे, खेडुताचे मुंडासे निराळे. माणूस कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कोणत्या धंद्याचा, हे डोईवरून ओळखावे असा काळ फार जुना नाही. पागोटे कोणाच्या पायावर ठेवणे म्हणजे शरण जाणे. पगडी उतरविणे म्हणजे अब्रू घेणे. हा सर्व अर्थ संग्रहालयाच्या काचेच्या कपाटातच राहिला. पॅरिसला गेली ती घडी. ती गेली एका स्त्रीच्या मस्तकावर, आणि आमच्याकडे पुरुषाच्या मानाचे जे चिन्ह होते ते तेथे स्त्रीच्या स्वच्छंदाचे चिन्ह झाले. याचा राग मानावा असे मला वाटत नाही. वस्तू प्रवासाला निघाल्या की अर्थ मागे ठेवून जातात. आपणही परक्यांचा कोट आणि बूट असेच घेतले आहेत. परंतु हे घडले कसे, हे चित्रात दिसते, आणि तेच टीकाकाराने दाखवावयाचे आहे. लपापच्या मस्तकांभोवती काहीही नाही. घर, रस्ता, माणूस, ऋतू यांपैकी कशाचीच खूण नाही. त्या रिकाम्या कागदावर पागोटे जणू आकाशातून उतरले आहे.

१९१२ सालच्या नोव्हेंबरात ल्यूसिएँ व्होजेल याने ‘गाझेत द्यु बाँ ताँ’ हे मासिक काढले. त्याच्या नावाचा अर्थ सुरुचीचे पत्र. प्वारे, वर्थ, दुसे, पाकें, शेरुई, दयये आणि रेडफर्न या सात वेषकारांचा त्यास आश्रय होता. महायुद्धाने पडलेला खंड सोडता ते १९२५ पर्यंत चालले. प्रत्येक अंकात साधारण दहा रंगीत चित्रे असत. त्यांपैकी सात या वेषकारांच्या पोषाखांची, आणि उरलेली तीन चित्रकाराच्या स्वतःच्या कल्पनेतील. ज्या वस्त्राला शिंपी नाही, ज्या टोपीला दुकान नाही, ती वस्त्रे व टोप्या केवळ चित्रासाठी जन्मास येत. जाहिरात म्हणून हिणविलेल्या या प्रकारात कलावंताला एवढे स्वातंत्र्य होते, हे आमच्या टीकाकारांनी अवश्य लक्षात घ्यावे.

या चित्रांचे रंग छापखान्यातील यंत्राने उमटलेले नव्हेत. पोत्यांवर व्यापाऱ्याचे नाव उमटविण्यासाठी आपल्याकडे कातरलेला पत्रा वापरतात; तीच युक्ती येथे फार नाजूकपणे योजिली होती. प्रत्येक रंगासाठी जस्ताचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा निराळा कातरावयाचा, तो कागदावर ठेवून कुंचल्याने हाताने रंग भरावयाचा, वाळू द्यावयाचा, मग पुढचा पत्रा. एका चित्राला कधी वीस, कधी तीस पत्रेही लागत. ‘पोश्वार’ नावाच्या या पद्धतीत झाँ सोदे हा नामांकित होता. १९२५ साली त्याने तिच्यावर ग्रंथही लिहिला. जलरंगाचा ओलावा व ताजेपणा त्या पानांवर दिसतो तो या हातकामामुळे. मूळ चित्रकाराची सही पानाच्या कोपऱ्यात असते; रंग भरणाऱ्या कारागिराची नसते.

आता वस्तूंकडे पुन्हा वळू. या चित्रांतील खरी करामत चेहऱ्यात नाही. चेहरे बहुधा एकसारखे, अर्धोन्मीलित डोळ्यांचे, थोडे कंटाळलेले. करामत आहे ती जेथे हात वस्तूला भेटतो तेथे. पंखा अर्धा मिटलेला, छत्री खांद्यावर टेकून नकळत फिरविलेली, हातमोजा एका बोटापर्यंत ओढून तसाच सोडलेला. अशा अर्ध्यावर थांबलेल्या क्रियेत सारा प्रसंग सूचित होतो. सरळ झग्यात खिशाला जागा उरली नाही, म्हणून दोरीने लटकणारा बटवा हातात आला, आणि चित्रकाराला हाताचा आणखी एक विलास मिळाला. जुन्या वेषचित्रातील स्त्रीला वस्तू चिकटविलेल्या असत. ही स्त्री त्या वापरते, त्यांच्याशी खेळते, कंटाळा आला तर टाकूनही देईल असे वाटते. जॉर्ज बार्बिए याने १९१४ साली कार्तिए या जवाहिऱ्याच्या निमंत्रणपत्रिकेसाठी काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. एक उंच स्त्री आणि तिच्या पायाशी काळा चित्ता. जवाहीर विकावयाचे असूनही जवाहीर पुढे मांडलेले नाही; पुढे आहे तिची बेपर्वाई. आमच्या ध्वनिवादी आचार्यांनी या चित्राचे कौतुकच केले असते, कारण येथे वाच्यार्थ गौण आहे आणि व्यंग्यार्थ प्रधान.

माझ्या पत्नीच्या उद्गाराचे समर्थन येथवर झाले. आता कन्येच्या म्हणण्याकडे वळतो.

लपापचा संग्रह निघाला त्याच १९११ सालच्या उन्हाळ्यात लंडनच्या वैभवशाली पेठांतून काही माणसे पाठीपोटावर फलक बांधून फिरत होती. त्या फलकांवरही चित्रेच होती. विणीच्या हंगामातील सुंदर बगळा, मग त्याची शिकार, आणि मग घरट्यात उपाशी मरणारी पिले, अशी ती कहाणी. ही माणसे पाठविली होती पक्षिसंरक्षणाच्या संस्थेने. १८८९ साली मँचेस्टरजवळील डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन या बाईंनी ती सुरू केली, आणि प्रारंभी तिच्या सभासद स्त्रियाच होत्या. मॅटिंग्ली नावाच्या एका ऑस्ट्रेलियन पक्षिनिरीक्षकाने बगळ्यांच्या उद्ध्वस्त वस्तीत जाऊन घेतलेली छायाचित्रे या संस्थेने सर्वत्र दाखविली.

तुऱ्याच्या व्यापारातील क्रौर्य विशेष प्रकारचे होते. बगळ्याच्या पाठीवरील ही तलम पिसे केवळ विणीच्या काळात येतात. म्हणून शिकारी त्याच वेळी घरट्यांवर जात, आणि आईबाप मेल्यावर पिले आपोआप मरत. वजनास वजन धरले तर ही पिसे सोन्याहून महाग विकली जात. आपला देशही या व्यापारात होता. पक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी पाठविण्यास १९०२ साली हिंदुस्थानात मनाई झाली. चोरटा व्यापार मात्र पुढेही चालू राहिला. सिंध प्रांत त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. तेथे पिसांसाठी बगळे कुंपणात पाळीत, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची वर्णने प्रसिद्ध झाली. म्हणजे पॅरिसमधील त्या एका मस्तकावर पागोट्याची घडी हिंदुस्थानची, आणि वरचा तुराही आमच्याच पाणथळीतला असणे अशक्य नव्हते.

१९११ सालची ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावी. एकात तुरा आहे, बगळा नाही. दुसऱ्यात बगळा आहे, आणि तुरा कोणाच्या डोईवर जाणार हेही सांगितले आहे. कला म्हणून पाहिले तर पहिले श्रेष्ठ, यात संशय नाही. फलकावरचे चित्र बोध करून थांबते. परंतु पहिल्याचे श्रेष्ठत्व ज्या गुणावर उभे आहे, तोच त्याचा दोषही आहे. वस्तूच्या भोवतीचे सर्व काही पुसून टाकल्यामुळे ती वस्तू इतकी शुद्ध, इतकी हलकी दिसते. ती कोणी केली, कोठून आणली, कोणाचा जीव घेऊन आणली, या प्रश्नांना त्या पांढऱ्या कागदावर उभे राहावयास जागाच ठेविलेली नाही. रेषेने काय काढले एवढेच पाहून भागत नाही. रेषेने काय वगळले हेही वाचावे लागते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्यही आहे: सारा दोष तुरा घालणाऱ्या स्त्रीच्या माथी मारावयाचा काय? १९२० साली पार्लमेंटात पिसांविषयीचा कायदा रेंगाळत असता व्हर्जिनिया वुल्फ यांनी याच प्रश्नावर एक तिखट लेख लिहिला. पक्षी मारणारे पुरुष, व्यापार करणारे पुरुष, पार्लमेंटात बसून कायदा लांबणीवर टाकणारे पुरुष, आणि बोल मात्र स्त्रियांच्या चैनीला, हा न्याय कसला, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पिसांच्या आयातीस बंदी करणारा तो कायदा अखेर १९२१ साली झाला. वुल्फ यांच्या यादीत आपण आणखी एक नाव घालू शकतो: तुरा इतका निष्पाप करून दाखविणारा चित्रकार.

मग भूषण आपला इतिहास बरोबर वागवील असे चित्र त्या काळी शक्यच नव्हते काय? होते. इंग्लंडात मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियांनी १९०८ साली जांभळा, पांढरा व हिरवा हे आपले रंग ठरविले, आणि फिती, पदके, टोपीवरच्या पट्ट्या त्या रंगांत मिरविल्या. सिल्व्हिया पँकहर्स्ट या स्वतः चित्रकार होत्या. होलोवे तुरुंगातून सुटणाऱ्या भगिनींसाठी त्यांनी १९०९ साली एक पिन योजिली. तिच्यावर पार्लमेंटाचे चिन्ह असलेला दरवाजा आणि कैद्यांच्या कपड्यांवर छापीत तो बाण आहे. ही पिन कोठून आली हे तिच्या आकारातच लिहिलेले आहे. ती कोणी विकत घेऊ शकत नव्हते. ती भोगून मिळवावी लागे. रेषेच्या डौलात ती लपापच्या पागोट्याची बरोबरी करणार नाही, परंतु तिच्याभोवती रिकामी जागा नाही.

याउलट टोक आपल्याकडे पाहावयास मिळते. १९२० साली ऑटो रॉथफेल्ड यांचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक मुंबईत निघाले; त्याची चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर यांची. तेथे नथ, बांगडी, पदर, कुंकू प्रत्येक गोष्ट आपले गाव व जात सांगते. वस्तूचे मूळ कोठेच हरवलेले नाही. परंतु ती स्त्री? ती अमुक जातीची वा प्रांताची एक म्हणून उभी राहते. धुरंधरांचा कसबी हात तिला जितका जीव देतो, तितकाच ग्रंथाचा हेतू तो आवरून धरतो. पॅरिसच्या चित्राने स्त्रीला मोकळी केली आणि वस्तूचा इतिहास पुसला. मुंबईच्या चित्राने इतिहास राखला आणि स्त्रीला त्यात बांधली. दोहोंतून एक निवडा, असे म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाही. मात्र ज्या चित्रात दोन्ही साधतील, त्याची आशा सोडण्याचेही कारण दिसत नाही.

या रेषेचे राज्य फार टिकले नाही. १९२५ साली ‘गाझेत’ बंद पडले, आणि १९३२ साली ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर रंगीत छायाचित्र आले. छायाचित्राने सर्व काही दाखविले असे म्हणतात. पण वगळण्याची विद्या तेही लवकरच शिकले. आज आपल्या घरी येणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत वस्तूमागचा पडदा पांढराच असतो. म्हणून शंभर वर्षांपूर्वीची ही चित्रे पाहण्याचा सराव निरुपयोगी नाही.

असो. चार दिवसांची बोली संपली आणि संग्रह परत करावयाची वेळ आली. कन्येने ते पान पुन्हा एकदा उघडले. मी विचारले, “अजूनही वाईट वाटते?” ती म्हणाली, “वाटतं. पण बाबा, चित्र सुंदर आहे हेही खरंच आहे.” तिने पान मिटले नाही, बराच वेळ पाहत राहिली. चित्र पाहावयाचे ते असेच पाहावे, असे मला वाटले.